एकाच घरात दोन स्वयंपाक कशाला?

प्रश्न : माझी नात नऊ वर्षांची आहे. उंची वाढत नव्हती, रक्त कमी, पोट सारखं फुगलेलं. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली. शेवटी रक्ताची एक खास तपासणी केली, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि सीलिॲक निघाला. डॉक्टर म्हणाले, आता जन्मभर गहू बंद. सूनबाईने ग्लुटेनमुक्त आटा, बिस्किटं, पास्ता असं सगळं मागवलं. बिल पाहून मुलगा गप्प झाला आणि पोरीने त्या आट्याच्या पोळीचा एक घास खाऊन ताट सरकवलं. आता घरात दोनदा स्वयंपाक होतो. ती तिचं खाते आणि आमच्या ताटाकडे बघत बसते, धाकटा भाऊ तिला पोळी दाखवून चिडवतो. सगळ्यांनी आवडीनं खावं असं गव्हाशिवायचं काय करता येईल? आणि हे ग्लुटेन म्हणजे असतं तरी काय, की एका घासानं एवढं व्हावं?
– एक आजी, सदर, नागपूर

उत्तर : आजी, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो सुटला की पहिल्याचं निम्मं उत्तर आपोआप हाती येईल.

उलट्या मडक्यावर लंबी रोटी टाकणाऱ्या बाईचे हात तुम्ही नागपुरात पाहिलेच असतील. सैल भिजवून, आपटून आपटून मऊ केलेली कणीक ती एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलते आणि बघता बघता गोळ्याची कोपरापर्यंत लांब, आरपार दिसेल इतकी पातळ रोटी होते. फाटत मात्र नाही. ही करामत बाईच्या हाताची खरी, पण निम्मी ग्लुटेनची. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन नावाची प्रथिनं असतात. पाणी लागलं, मळणं झालं की ती एकमेकांत गुंततात आणि एक चिवट, ताणलं जाणारं जाळं तयार होतं. पोळी फुगते, पाव हलका होतो, शेवई हातभर ओढली तरी तुटत नाही, ते या जाळ्यामुळे. जव आणि राय या धान्यांत याच प्रथिनांचे भाऊबंद असतात. ज्वारी, तांदूळ, बाजरी, मका, नाचणी यांत ते नाहीत. म्हणून तर भाकर लाटायची नसते, थापायची असते.

ही प्रथिनं पचायला अवघड. त्यांचे काही तुकडे कुणाच्याच पोटात पुरते सुटत नाहीत, पण बहुतेकांचं त्यानं काही बिघडत नाही. सीलिॲक असलेल्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती मात्र या तुकड्यांवर उठते आणि त्या हल्ल्यात स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर जखमी होतं. त्या अस्तरावरचे बारीक, बोटांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषून घेणं हे त्यांचंच काम, त्यामुळे पोरगी जेवते पण अंगी लागत नाही. दूध पचवणारं विकरही याच उंचवट्यांवर असतं, म्हणून सुरुवातीला काही मुलांना दूधही सोसत नाही. गहू पूर्ण थांबला की अस्तर पुन्हा भरून येतं, लहान मुलांत जास्त लवकर. यावर आज तरी पथ्य हेच औषध आहे.

हे पथ्य सापडलं त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मुलांना केळ्यांवर ठेवत, कारण केळी खाऊन ती सुधारायची, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना पाव आणि गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४–४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेना आणि अशा काळात ही आजारी मुलं उलट सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये यावर प्रबंध लिहिला, आणि दुष्काळात जे योगायोगानं घडलं त्याचं पथ्य झालं.

आपल्याकडे हा आजार गोऱ्यांचा समजला जायचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या तीन भागांतल्या प्रौढांची तपासणी केली होती. उत्तरेत शंभरात सव्वा जणाच्या रक्तात (१.२३ टक्के) सीलिॲकची प्रतिपिंडं सापडली, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत जेमतेम ०.१० टक्के. या आजाराला लागणारी जनुकं दक्षिणेतही होती. फरक मोठा होता तो ताटातल्या गव्हाचा. आपण उत्तर आणि दक्षिणेच्या मध्ये बसलोय आणि दोन पिढ्यांत आपलं ताट भाकरीकडून पोळीकडे सरकलंय. सोयाबीन आणि कापसानं विदर्भाच्या शेतातून ज्वारी हटवली, रेशनच्या पिशवीत गहू आला आणि पाहुण्यासाठी असलेली पोळी रोजची झाली. तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात या पोरीचं फारसं अडलं नसतं, आजी.

माझं सांगणं याच्याच आधारानं आहे. नातीसाठी पोळीची नक्कल शोधू नका. गहू ज्यात कधी नव्हताच असे पदार्थ काढा आणि ते सगळ्यांनी खा. नकली पोळी खऱ्या पोळीशेजारी ठेवली की ती हरणारच, मुलांची जीभ काही दयाळू नसते. पण गोळाभाताला कोण म्हणेल की यात गहू नाही, म्हणून हा कमी?

पण थांबा. घरभर गहू बंद करण्याआधी एक काम करा. नातीच्या आईवडलांची आणि धाकट्या भावाची तीच रक्ततपासणी करून घ्या. सीलिॲक असलेल्याच्या सख्ख्या नात्यात शंभरातल्या सात-आठ जणांना तो सापडतो, पुष्कळदा काही त्रास नसताना. आणि ही तपासणी गहू खात असतानाच खरी येते. आधी गहू सोडला आणि मग रक्त दिलं, तर आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. तेव्हा त्या चिडवणाऱ्या पठ्ठ्याला तपासणी होईपर्यंत पोळी खाऊ द्या.

आता घासाचं गणित. एका मध्यम पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते, त्यात ढोबळमानानं अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानं आतड्याला इजा झालेली दिसली. म्हणजे एका पोळीचे पन्नास-साठ तुकडे करा आणि त्यातला एक रोज पोटात जाऊ द्या. तेवढा तुकडा परातीच्या कडेला, चाळणीत, पोळपाटाच्या चिरेत सहज दडतो. म्हणून 'थोडंसं चालतं' हे वाक्य घरात बंद करायला हवं, आणि ते बहुतेक वेळा आपल्याच वयाची माणसं म्हणतात, हेही सांगून ठेवते.

आणि इथेच खरी अडचण येते, ती पदार्थांची नाही, चक्कीची आहे. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून तुम्ही गल्लीतल्या चक्कीवर नेली आणि तुमच्या आधी कुणी दहा किलो गहू दळून गेलं असेल, तर तुमच्या पिठात पहिल्या ओंजळीपासून गहू आला. चक्कीवाल्यानं झटकून दिलं तरी दगडाच्या टाक्यांत आणि कापडी नळीत पीठ राहतंच. आधी थोडे तांदूळ दळून फेकून द्यायचे, अशी युक्ती काही जण करतात. त्यानं भेसळ कमी होते, संपत नाही. बिस्किटं-पास्त्यावर जाणारा पैसा वाचवून एक घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा दाणाही टाकू नका. घरातल्यांची कणीक बाहेरून दळून आणा. नेमका उलटा संसार, पण हाच सोयीचा आहे.

घरघंटी लगेच जमणार नसेल तरी अडत नाही. आपल्या स्वयंपाकात एक मोठं दालन असं आहे की ज्याला चक्की लागतच नाही, ते म्हणजे भिजवून वाटलेलं. इडली, डोसा, डाळ-तांदळाची धिरडी, मुंगवडे, फुणके, वडाभाताचे वडे. धान्य आणि डाळ धुऊन घेतली की बाहेरून चिकटलेली गव्हाची धूळ जाते, निवडताना चुकून आलेला दाणा दिसतो, आणि वाटण तुमच्याच मिक्सरमध्ये होतं. इतवारीतून किंवा गल्लीतल्या किराण्यातून सुटं धान्य घेता तेव्हा शेजारच्या पोत्यातलं माप त्यातही फिरलेलं असतं, म्हणून निवडणं आणि धुणं दोन्ही हवं. बेसनही सुटं आणू नका, हरभऱ्याची डाळ घरी दळा.

हे जमलं की आठवडा कसा भरतो बघा. गोळाभात घ्या. डाळीच्या भरड्यात तिखट, हळद, मीठ, तेल घालून गोळे वळायचे, अर्ध्या शिजलेल्या भातात खोचायचे आणि वाढताना वरून मोहरी-मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. मुलांना यात गोळा फोडण्याचीच मजा असते. भात चिनोरचा असेल तर घरभर वास, रोजचा एचएमटी असला तरी बिघडत नाही. (हे एचएमटी वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून काढलं. दीड एकराचा शेतकरी आणि त्याचा तांदूळ देशभर गेला. नातीला भात वाढताना ही गोष्टही वाढा.) पाटवडीचा रस्सा, चून-भाकर, डाळकांदा, फुणके आणि कढी, वांग्याचं भरीत, यांत गहू आहेच कुठे? रविवारी सावजी मटणाचा रस्सा करत असाल तर फक्त पोळीऐवजी भाकर किंवा भात घ्या, आणि मसाला विकतचा न आणता घरी भाजा. सकाळी तर्री-पोहे. पोह्यांत गहू नाही, तर्रीतल्या चण्यातही नाही, सगळं घर एका कढईतून खाऊ शकतं.

तर्रीवरून आठवलं, फोडणीतल्या हिंगाकडे लक्ष द्या. डबीतला हिंग हा शुद्ध हिंग नसतो. त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि पुष्कळ डब्यांत तो मैदाच असतो. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला मिळाला तर घ्या, नाहीतर हिंगाशिवाय लसणीवर भागवा. सगळं पथ्य सांभाळूनही मूल सुधारत नाही म्हणून हैराण झालेल्या घरांनी आधी हिंगाची डबी पाहावी.

असेच चकवे आणखी आहेत. सांबारवडीच्या पारीत मैदा असतो. घरोघरच्या थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू पडतोच. सातूच्या पिठात गहू किंवा जव. सोनपापडीत बेसनाबरोबर मैदा. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या. सोया सॉसमध्ये गहू. आणि कुरडई! कुरडईबद्दल मुद्दाम सांगते, कारण 'चिकात काही राहत नाही' असं बऱ्याच बायका ठामपणे सांगतात. गहू भिजवून वाटला, चोथा काढला, निवळ ओतलं, खाली बसला तो चीक. ग्लुटेनचा बराच भाग चोथ्याबरोबर जातो हे खरं, पण सगळा जात नाही. कारखान्यात खास शुद्ध केलेला गव्हाचा स्टार्च वेगळा आणि गच्चीवरची कुरडई वेगळी. तिच्याऐवजी साबुदाण्याच्या चकल्या, तांदळाच्या पापड्या, ज्वारीचे पापड घाला. पाकीटबंद माल घेताना 'ग्लुटेनमुक्त' हा शब्द पाहा. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर तो शब्द छापता येत नाही.

तरीही पोळीची आठवण येणारच, डब्यात गुंडाळी हवीच. त्यासाठी ज्वारीची उकडीची पोळी करा. एक वाटी पाणी, मीठ, चमचाभर तेल, पाण्याला खळखळून उकळी. त्यात एक वाटी ताजं ज्वारीचं पीठ टाकून गॅस बंद, ढवळून दहा मिनिटं झाकण. कोमट असतानाच तळहातानं रगडून मळायचं, अगदी गुळगुळीत होईपर्यंत, आणि तांदळाच्या पिठीवर लाटायचं. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि ग्लुटेनचं काम थोडंफार तो करतो. ही पोळी दुपारपर्यंत मऊ राहते, भाजी घालून गुंडाळता येते. लाटताना फार तडे जात असतील तर पिठात चमचाभर इसबगोल घाला. पीठ मात्र ताजं हवं. आठ-दहा दिवसांत ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग तुम्ही कितीही अनुभवी असा, भाकर तुटते आणि दोष सुनेच्या हाताला येतो.

ग्लुटेनमुक्त आट्याच्या पाकिटांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यातल्या पुष्कळांत तांदूळ, मका आणि टॅपिओकाचा स्टार्चच जास्त. प्रवासात सोयीचं, पण रक्त कमी असलेल्या वाढत्या मुलीला रोज देण्यापेक्षा ज्वारी, नाचणी, राजगिरा आणि डाळी कितीतरी बऱ्या. बिस्किटं तर महागडी साखरच.

केकला मात्र मी नाही म्हणणार नाही, वाढदिवस आहे. अंडं चालत असेल तर तांदूळ आणि ज्वारीच्या पिठाचा केक चांगला होतो, कारण फेटलेल्या अंड्यातली प्रथिनं केकचा भार उचलतात. बिनअंड्याचा, बिनगव्हाचा केक हे दुहेरी संकट. त्यापेक्षा आईस्क्रीम आणा, पण कोनातलं नको, कपातलं.

सणांची काळजी करू नका. महालक्ष्म्यांच्या ताटात आंबील असतेच, ज्वारीची. पुरणपोळीतला गहू वरच्या पारीत आहे, पुरणात नाही. नातीला वाटीत पुरण आणि त्यावर तुपाची धार द्या, किंवा तांदळाच्या उकडीत पुरण भरून मोदक करा. मी पैज लावते, धाकटा तेच मागेल. दिवाळीत अनारसे हा तिचा हक्काचा पदार्थ, तांदूळ, गूळ, खसखस. करंज्या-शंकरपाळे करायचे असतील तर तिचं सगळं तळून झाल्यावर, शेवटी. एकदा मैद्याचं तळलेलं तेल तिच्या चकलीला वापरायचं नाही. उपवासाच्या दिवशी तर अख्खं घर न ठरवता ग्लुटेनमुक्त असतं: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. हिवाळ्यात मंगळवारी बाजारात भंडारा-गोंदियाकडच्या तलावांतले शिंगाडे आले की ते उकडून डब्यात द्या. वर्गातल्या इतर मुलांच्या बिस्किटांपेक्षा ते जास्त खपतील.

घरातली कणीक पूर्ण बंद करावी का? माझ्या मते गरज नाही. नाश्ता आणि रात्रीचं जेवण सगळ्यांचं एक, बिनगव्हाचं. दुपारी ती शाळेत असते तेव्हा ज्याला पोळी हवी त्यानं खावी. तिचा तवा, पोळपाट-लाटणं, चाळणी आणि काठवट मात्र वेगळी आणि नवी, कारण लाकडाच्या रेघांत कणीक राहते. कणीक चाळताना उडालेली पिठी बराच वेळ हवेत तरंगते आणि मग उघड्या भांड्यांत बसते, म्हणून तिचं अन्न आधी करून झाकायचं. लोणच्याच्या बरणीत पोळीचा हात घालायचा नाही.

राहिलं बाहेरचं खाणं. सदरमध्ये राहून रेसिडेन्सी रोडवर काही खायचंच नाही ही शिक्षा झाली. साधा डोसा, इडली हे त्यातल्या त्यात बरं. रवा डोसा नाही, आणि सांबारात हिंग कोणता हे विचारायचं, नाहीतर चटणीवर भागवायचं. ज्या तव्यावर पराठे होतात त्यावरचा डोसा नको. आलूबोंडा बेसनाचा असला तरी ज्या कढईत समोसे-कचोऱ्या तळल्या त्यातलाच असतो, तो घरी करा. चायनीजच्या गाड्यावर तिच्यासाठी काहीच नाही, तिथं 'राईस आहे ना' म्हणून फसू नका. हॉटेलात 'ग्लुटेन' म्हटलं तर वाढपी मान डोलावतो आणि काहीही आणतो. 'गहू, मैदा, रवा चालत नाही, पोरगी दवाखान्यात जाईल' असं मराठीत किंवा हिंदीत सांगा, मग तो खरोखर आत जाऊन विचारून येतो.

प्रश्न : माझ्या मुलाला सीलिॲक आहे आणि त्याचं फर्स्ट कम्युनियन जवळ आलंय. ती पातळ ओस्ती इतकीशी, ती तरी चालेल का? तांदळाची करून मिळते का?
– एक आई, सदर, नागपूर

उत्तर : नेहमीची ओस्ती चालणार नाही, ती गव्हाचीच असते. तांदळाची चर्चला चालत नाही. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार ओस्ती गव्हाची हवी. व्हॅटिकननं २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केलंय की पूर्ण ग्लुटेनरहित ओस्ती ग्राह्य नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची चालते. ती खास शुद्ध केलेल्या गव्हाच्या स्टार्चची बनते. तुमच्या डॉक्टरांना दाखवून पाकिटावरचं प्रमाण तपासा. दुसरा मार्ग याहून सोपा आहे: ज्याला ओस्ती घेता येत नाही त्याला फक्त द्राक्षारस घेऊन ख्रिस्तप्रसाद घेता येतो, आणि तो अपुरा मानला जात नाही. फक्त त्याच्यासाठी वेगळा चषक ठेवायला सांगा. मिस्सेत धर्मगुरू ओस्तीचा एक तुकडा मुख्य चषकात टाकतात, ते लक्षात घ्या. तुमच्या कॅथेड्रलच्या फादरांशी आधीच बोला, ऐनवेळी वेदीसमोर नको. आणि त्यानंतरच्या पार्टीचा केक हा खरा धोका आहे, वर त्याचं लिहिलंच आहे.

प्रश्न : खपली गव्हात ग्लुटेन नसतं असं ऐकलं. वजन कमी करायला मी गहू सोडून खपली सुरू केली आहे. बरोबर आहे का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : खपलीत ग्लुटेन असतं. ती गव्हाचीच एक जुनी जात आहे. तिची खीर, तिची लापशी चविष्ट होते, ती हौसेनं खा, पण सीलिॲकच्या माणसानं तिला हातही लावायचा नाही. बन्सी, लोकवन, शरबती, सगळ्यांना हेच लागू.

वजनाचा आणि ग्लुटेनचा थेट संबंध नाही. गहू सोडलेल्यांचं वजन उतरतं ते बहुधा पाव, बिस्किटं, समोसे आणि बेकरीचा माल त्याबरोबर सुटतो म्हणून. ग्लुटेनमुक्त बिस्किटं खाऊन वजन वाढवणारेही मी पाहिलेत. गहू खाल्ल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात, रक्त कमी आहे असं काही असेल, तर मात्र स्वतःहून गहू सोडू नका. तो चालू ठेवून आधी टीटीजी नावाची रक्ततपासणी करा, अहवाल घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जा, आणि काय सोडायचं ते मग ठरवा.